जुलैतली पाहुणी

ब्रुदेतमध्ये, म्हणजे माशांच्या रश्श्यात, डाव घालायचा नसतो, मासे मोडतात. भांड्याचे दोन्ही कान धरायचे आणि झोपलेल्या पोराचा पाळणा हलवावा तसं सगळं भांडंच हलवायचं. पेरिनाने ते तसं हलवलं, टेबलाच्या मधोमध ठेवलं, हात ॲप्रनला पुसले आणि म्हणाली, "जुलैत मी नाहीये."

"नाहीये म्हणजे?" याकोवच्या हातातला पाव हातातच राहिला.

"सुट्टीला जातेय. पंधरा तारखेपासून दहा दिवस. बशी पुढे कर."

मे महिन्यातला रविवार होता. घराला नुकती सफेदी झाली होती आणि गच्चीच्या कठड्यावर सोळा गाद्या उन्हात लोंबत होत्या. आणखी दोन आठवड्यांनी दरवर्षीसारखं अख्खं कुटुंब अंथरूण-पांघरूण घेऊन तळघरात, वाइनच्या पिंपांशेजारी उतरणार होतं आणि वरच्या आठही खोल्या सप्टेंबरपर्यंत पाहुण्यांच्या होणार होत्या. आमच्या गावात उन्हाळ्यात समुद्राकडच्या खिडकीत गावातलं माणूस दिसलं, तर समजावं की ते आजारी आहे.

"पंधरा जुलै!" याकोव म्हणाला. "आई, पंधरा जुलैला माणसं बाथटबमध्ये झोपायला तयार असतात. तू कुठे निघालीस?"

"त्रोगीर. मग शिबेनिक. तिथून मागे येऊन बोटीने कोर्चुला. शेवटी दुब्रोव्निक, आणि बसने घरी."

"ऑक्टोबरात जा ना. निवांत असतं, रिकामं असतं."

"रिकामं मी आयुष्यभर घरी बसून बघितलंय. ऑक्टोबरात आपल्याकडे काय असतं? बंद खिडक्या आणि मांजरं. तिकडेही तेच असणार. मला भरलेलं बघायचंय. खुर्च्या बाहेर मांडलेल्या असताना."

"बायकांना हे साठीनंतर होतं," श्पिरोकाका काटा बाजूला काढत म्हणाले. ते पेरिनाच्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली, तरी दर रविवारी मासा खायला आणि मत द्यायला यायचे. "आमची ही साठीनंतर मला म्हणाली, दाढी ठेव. चाळीस वर्षं हाच चेहरा बघितला, म्हणाली."

"ठेवलीत?"

"ठेवली की. मग म्हणाली, आधीचाच बरा होता."

मारिता मोठ्याने हसली. ती पेरिनाची मुलगी, झाग्रेबला दातांच्या दवाखान्यात नोकरीला, दोन दिवसांसाठी आली होती. सुट्टी हा शब्द ऐकल्यापासून तिचे डोळे चमकत होते. इतकी वर्षं दर उन्हाळ्यात ती भावाला म्हणायची की आईला जरा बाहेर काढ, आणि आता आईच निघाली म्हटल्यावर तिने कागदी रुमाल उलटा करून पेन उघडलं.

"शिबेनिकला रोकोदादा आहे. कोर्चुलाला व्हिन्कामावशी, तिचं वरचं घर मोकळंच असतं. दुब्रोव्निकला याकोवच्या धर्मपित्याची मुलगी. आई, तुला एकही रात्र बाहेर काढावी लागणार नाही!"

"नको."

"काय नको?"

"नातेवाईक नकोत."

श्पिरोकाकांनी काटा-चमचा खाली ठेवला. आमच्याकडे ज्या गावात चुलतभाऊ राहतो त्या गावात खोली भाड्याने घेणं म्हणजे त्याच्या घरावर दगड मारण्यासारखंच. दगड तरी माणूस विसरतो.

"पेरिना, तू शिबेनिकला जाणार आणि रोकोच्या दारावरून पुढे जाणार? तो तुझ्या मयताला नाही यायचा."

"मला दिसणार आहे का तेव्हा कोण आलं, कोण नाही!" पेरिना बसली. "रोकोकडे गेले तर काय होईल ते सांगते. त्याची बायको मला स्वतःची खोली देणार आणि आपण स्वयंपाकघरात झोपणार. सकाळी मी तिच्याआधी उठणार, कारण ती उठायच्या आत भांडी घासून झाली पाहिजेत. ती माझ्याही आधी उठणार, कारण मी घासायला नकोत. पहाटे दोघी ओट्याशी कोपर मारत उभ्या. दुपारी तिच्या विहिणीकडे कॉफी, संध्याकाळी तिच्या माणसांच्या थडग्यांवर फुलं. आणि शिबेनिकचं ते प्रसिद्ध चर्च मी बघणार परतीच्या बसमधून."

"मग तुला हवंय तरी काय?"

"दार ठोठवायचंय," पेरिना म्हणाली. "अनोळखी बाईने ते उघडावं, माझं ओळखपत्र मागावं आणि नाव चुकीचं लिहावं. मग किल्ली द्यावी. आणि मी चादर नीट न करता बाहेर पडावं."

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज जरा खाली आला, जणू एखाद्या पापाबद्दल बोलतेय.

"बरं बाई, नाही नातेवाईक," मारिता रुमालावरचं खोडत म्हणाली. "पण मग हीच गावं कशाला? तुला ती तोंडपाठ आहेत. नवीन कुठेतरी जा. इटलीला जा. अर्ध्या युरोपला तूच तर सांगतेस, कोर्चुलाच्या गल्ल्या माशाच्या काट्यासारख्या आखल्यात, एका बाजूच्या सरळ, म्हणजे उन्हाळी वारा आत यावा, आणि दुसऱ्या बाजूच्या वाकड्या, म्हणजे हिवाळ्यात डोंगरावरून सुटणारा बोरा, तो गार वारा, अडावा. शिबेनिकच्या चर्चभोवतीची ती दगडी मुंडकी—"

"एकाहत्तर," पेरिना नकळत म्हणाली.

"एकाहत्तर! आणि त्यातलं एक झोपमोड झालेल्या बेकरीवाल्यासारखं दिसतं. मी शाळेत त्यावर निबंध लिहिला होता. बाईंनी वर्गात वाचून दाखवला. 'माझ्या आईने पाहिलेले शिबेनिक'."

पेरिना पावाचे कण बोटाने गोळा करत होती. एक ढीग झाला, तो तिने मोडला, पुन्हा केला.

"मी गेलेले नाही," ती म्हणाली.

"कुठे?"

"कुठेच. स्प्लिटला गेलेय, तुझ्या बाबांच्या ऑपरेशनला. झादरला गेलेय, याकोवच्या लष्कराच्या शपथेला, गेटापाशीच उभी होते. बाकी काही मी बघितलेलं नाही."

मारिताला प्रथम वाटलं, आई चेष्टा करतेय. मग तिला आठवलं, लहानपणी संध्याकाळी पाहुणे फिरून आले की आई त्यांना गच्चीवर बसवायची, थंड पाणी आणि सुके अंजीर पुढे ठेवायची आणि विचारायची, काय काय पाहिलंत? कुठून चढलात? ऊन कुठल्या बाजूला होतं? ते आदरातिथ्य आहे असंच मारिता समजत आली होती. ती माहिती गोळा करत होती, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"म्हणजे एकांनी सांगितलेलं तू दुसऱ्यांना सांगायचीस?"

"चांगलं तेवढंच सांगायचे. कोणी रांगेबद्दल कुरकुर केली तर ते मी पुढे पाठवलं नाही."

श्पिरोकाकांना हसू आवरेना. "चाळीस वर्षं! परदेशातून माणसं येतात पेरिनाबाईंना विचारायला, आणि पेरिनाबाई—"

"काका," नेवेन्का म्हणाली. "मासा गार होतोय."

नेवेन्का याकोवची बायको. इतका वेळ ती बोलली नव्हती, आणि ती गप्प आहे म्हणजे विरोधात आहे असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. साहजिकच होतं. सासू गेली तर आठ खोल्यांचं ओझं हिच्याच डोक्यावर. पण नेवेन्काचं लक्ष पेरिनाच्या कानांकडे होतं. ते लाल झाले होते. एकोणीस वर्षांत तिने या बाईला पाहुण्यांसमोर, पाद्र्यासमोर, नवऱ्याच्या शवपेटीसमोर पाहिलं होतं. कानापर्यंत लाल झालेली तिने तिला कधी पाहिली नव्हती.

"पण आई, आत्ताच का?" नेवेन्काने विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यातली ती चेक बाई आठवते? सात नंबरची. तिला मी सांगितलं, कोर्चुलाला तटाच्या कोपऱ्यावर पाइनखाली एक बाक आहे, संध्याकाळी तिथे बस. ती बिचारी दीड तास शोधत हिंडली. तो बाक काढून कित्येक वर्षं झाली म्हणे. पाइनही नाही. ती हसून म्हणाली, काही बिघडलं नाही. मला मात्र रात्रभर झोप आली नाही." पेरिनाने मान वर केली. "माझ्याकडचं सगळं जुनं झालंय. मी माणसांना नसलेल्या बाकांवर बसायला पाठवतेय. यंदा तोंड उघडायचं तर आधी मला जाऊन बघायला हवं. नाहीतर मी पाहुण्यांना सांगणं बंद करणार. मग मी इथे कशाला? चादरी तर तूच बदलतेस."

ते खरंच होतं. डोंगरामागच्या कोरड्या गावातून नेवेन्का लग्न होऊन खाली समुद्रावर आली, तेव्हाच घराची वाटणी ठरून गेली होती. सासू दारात उभी राहून स्वागत करणार आणि सून मागच्या अंगणात वाफाळत्या बंबाशी चादरी धुणार. कधी कोणी बोलून ठरवलं नाही. पाहुण्यांना पेरिना हवी असायची, त्यामुळे नेवेन्का दोन पावलं मागे. पहिली पाच वर्षं तिला राग यायचा. पुढे तिने गॅलरीच्या आडून पेरिनाचं ते सांगणं ऐकायला सुरुवात केली. त्रोगीरची गल्ली इतकी अरुंद की समोरच्या खिडकीतून मीठ मागता येतं. दुब्रोव्निकचा मोठा रस्ता माणसांच्या पायांनी इतका गुळगुळीत झालाय की कडक उन्हातही नुकताच धुतल्यासारखा दिसतो. हात साबणाच्या पाण्यात असायचे, आणि नेवेन्का तिथे जाऊन यायची. इतकं सुंदर सांगणारी बाई तिने दुसरी बघितली नव्हती. आणि आता कळत होतं की ती न बघता सांगत होती. नेवेन्काला ते फसवल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तिचं कौतुक दुप्पट झालं.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "घर मी बघते."

"तू?" याकोव म्हणाला.

"हो, मी. का?"

"अगं, माणसं आईसाठी येतात. पंधरा जुलैला ती पॅसाउची जर्मन मंडळी येणार, सत्तावीस वर्षं येतायत. दार उघडल्यावर आई नाही म्हटल्यावर—"

"दार उघडल्यावर मी असेन."

"तुला त्यांच्याशी बोलायची सवय नाही."

"सवय लागू दिली कुणी? तू पहाटे सहाला बस घेऊन जातोस ते रात्री येतोस. तुला काय माहीत मला काय येतं!" नेवेन्काचा आवाज वर गेला, आणि त्याबरोबर डोंगरामागचा तो जाड हेल बाहेर आला, जो ती इथे सहसा गिळून टाकायची. "एकोणीस वर्षं त्यांच्या चादरी धुतेय. कोण कुठल्या कुशीवर झोपतं ते मला ठाऊक आहे. पॅसाउच्या आजोबांना दोन उशा लागतात आणि त्यांची बायको अंथरुणात बिस्किटं खाते. तुझ्या आईला माहीत आहे का हे?"

"बिस्किटं?" पेरिना म्हणाली. "ती? मधुमेह आहे ना तिला!"

"आता बघा."

श्पिरोकाका टाळी वाजवणार होते, पण याकोवचं तोंड बघून त्यांनी तोच हात वाइनकडे वळवला. याकोव खुर्ची मागे सारून उठला आणि गाद्या उलटायच्या आहेत असं म्हणत गच्चीवर गेला. गाद्या तासाभरापूर्वीच उलटून झाल्या होत्या.

तो कठड्याशी उभा राहिला. खाली समुद्र, मागे डोंगर, मध्ये आमच्या गावाची ती एवढीशी चिंधी. आठवड्यातून दोनदा तो पंचेचाळीस माणसं घेऊन दुब्रोव्निकला जायचा, त्यांना तटबंदीच्या दाराशी सोडायचा आणि चार तास बसमध्ये पेंगायचा. त्याला ते शहर आवडायचं, पण तो ते कधी बोलून दाखवायचा नाही. वळणावरून पहिल्यांदा ते तट दिसले की मागे सगळी बस गप्प व्हायची. पंचेचाळीस माणसं एकदम श्वास रोखतात तो आवाज त्याला ओळखू यायचा. त्या आवाजासाठी तो त्या वळणावर दुसरा गिअर टाकायचा, जरा जास्तच हळू घ्यायचा. त्या गप्प होणाऱ्यांत त्याची आई कधी नव्हती.

मागे पावलं वाजली. पेरिना शेजारी येऊन उभी राहिली आणि सवयीने गादी थोपटू लागली.

"बैठकीच्या खोलीतला तो फोटो," याकोव म्हणाला. "तू आणि बाबा, मागे दुब्रोव्निक. लग्नानंतर फिरायला गेला होतात ना?"

"मकार्स्काच्या फोटोवाल्याकडचा रंगवलेला पडदा तो. दुसरा पडदा व्हेनिसचा होता. तुझे बाबा म्हणाले, उगाच एवढ्या लांब कशाला जायचं."

याकोवला हसू आलं, आणि आलं म्हणून राग आला.

"मी तुला कधी नेलं नाही."

"असं नाही हां. तू विचारायचास. बस घेतलीस त्या पहिल्या उन्हाळ्यापासून विचारत आलायस. आई, पुढची सीट रिकामी आहे, येतेस? आणि मी म्हणायचे, आज खोल्या बदलायच्यात. दर शनिवारी खोल्या बदलायच्याच असतात रे. मला वाटायचं, मी इथून हलले तर घर बंद पडेल."

"पडेल की."

"नाही पडणार. मघाशी ऐकलंस ना तिला? मला भीती त्याचीच होती." पेरिना गादी थोपटायची थांबली. "मी नसताना सगळं नीट चाललं तर परत येऊन मी काय करायचं, याची भीती. त्यात वीस वर्षं घालवली मी, याकोव. तुझ्या बायकोला दोन पावलं मागे ठेवून."

खाली कुणीतरी होडी खरवडत होतं, त्याचा करकर आवाज येत राहिला.

"तू एकटी जाणार?" शेवटी त्याने विचारलं.

"एकटीच. पण दुब्रोव्निकला तुझ्या बसने. कोर्चुलाहून बोट समोरच्या किनाऱ्याला लागते, तिथून तू मला घे. बाकीच्यांसारखीच मी चढणार. 'ही माझी आई' असं सगळ्या बसला सांगायचं नाही."

"ड्रायव्हरजवळची सीट देऊ की नको?"

"ती दे."

ते आत आले तेव्हा टेबलावर तह झाला होता. मारिताने रुमालावरचे सगळे नातेवाईक खोडले होते. तिला अजून जरा लागलं होतं. त्या निबंधासाठी मिळालेली रंगपेटी परत करावी की काय, असं तिने दोनदा बोलून दाखवलं.

"त्या निबंधात खोटं काय होतं?" नेवेन्का तिला म्हणाली. "मुंडकी एकाहत्तर आहेत ना?"

"आहेत."

"मग ठेव रंगपेटी."

रोकोचा बंदोबस्त श्पिरोकाकांनी स्वतःकडे घेतला होता. "मी सांगतो, नवस आहे. वाटेत नातलगाच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही असा. नवसाला कोण नाही म्हणणार?"

"देवाशी खोटं बोलणार तुम्ही?"

"देवाशी कुठे! रोकोशी."

याकोव नेवेन्काजवळ गेला. सगळ्यांदेखत काय बोलावं हे त्याला सुचेना, म्हणून त्याने तिची बशी उचलून ओट्यावर नेऊन ठेवली. या घरात पुरुषाने बशी उचललेली श्पिरोकाकांनी पहिल्यांदाच बघितली. त्यांनी आपलीही पुढे सरकवली. याकोवने त्या बशीकडे पाहिलंही नाही.

"पॅसाउवाल्यांना काय सांगशील?" त्याने बायकोला विचारलं. "आई कुठे गेली म्हणून?"

"सांगेन, तुम्हाला इतकी वर्षं जिथे जिथे पाठवलं, तिथे त्या स्वतः गेल्यात. परत आल्या की त्यांनाच विचारा. आणि माझ्याकडून हवं असेल तर मी डोंगरामागचं सांगते. तिथलं मी पाहिलंय. एक तळं आहे, खोल विहिरीसारखं, लालसर कड्यांच्या तळाशी. आजवर कुणी विचारलं नाही."

पेरिना सुनेकडे बघत राहिली. "लाल कडे?"

"संध्याकाळी तर जळल्यासारखे दिसतात, आई."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

पेरिनाने मान हलवली. मग ती फोनच्या स्टुलावर जाऊन बसली. कोर्चुलाच्या एका घरमालकिणीचं कार्ड कुणा पाहुण्याने मागे ठेवलं होतं, ते तिने चष्मा लावून डोळ्यांजवळ नेलं. नंबर फिरवताना पहिल्यांदा चुकली, ठेवला, पुन्हा फिरवला. सगळे उगाच आपापल्या कामात असल्यासारखे उभे राहिले. मारिता एकच ग्लास पुसत होती.

"हॅलो? नमस्कार. खोली हवी होती. जुलैत... हो हो, मला माहीत आहे जुलै म्हणजे काय. एकटीच. तीन रात्री... अठरापासून... नाही, समुद्र दिसायला हवा. नाही दिसला तर नको." तिने डोळे मिटले. पलीकडची बाई वही चाळत असावी. त्या शांततेचा अर्थ या घरात सगळ्यांना कळत होता. आत्ता पान उलटलं, आता बोट ओळीवरून खाली चाललंय. पेरिनाने हजार वेळा ती वही चाळली होती, आणि टेलिफोनच्या या टोकाला छातीत काय होतं ते तिला आज कळत होतं.

"आहे?" ती म्हणाली. "वरच्या मजल्यावर? चालेल. जिने चढते मी. पेरिना. प-रि-ना नव्हे, पे... जाऊ दे, तसंच लिहा."

मग पलीकडच्या बाईने काहीतरी विचारलं. पेरिनाने एकवार मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं, श्पिरोकाकांकडे, मुलीकडे, मुलाकडे, सुनेकडे.

"हो," ती फोनमध्ये म्हणाली. "पहिल्यांदाच येतेय. काही म्हणजे काही माहीत नाही मला."

पलीकडून आवाज सुरू झाला. शब्द कळत नव्हते, पण ती लय घरातल्या प्रत्येकाला ओळखीची होती. आधी सकाळी काय, मग ऊन चढल्यावर काय, मग संध्याकाळी कुठे बसायचं. पेरिना पुढे वाकून ऐकत होती, तोंड जरासं उघडं, गच्चीवर पाणी पिणाऱ्या तिच्या पाहुण्यांसारखी. हळूहळू तिचा चेहरा सैल पडत गेला.

"थांबा हो, थांबा," ती मध्येच म्हणाली, आणि हात मागे करून हवेत कागद चाचपडू लागली. "जरा हळू सांगा. लिहून घेते."